घर आपले, किल्ली कुणाकडे?

समजा, आपल्या गावच्या शाळेचे छप्पर गळते आहे. मृग तोंडावर आला आहे. पाऊस लागला की पोरे एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात. पाटी भिजते, वही भिजते. मास्तर तरी काय करणार?

आपण सरपंचांकडे जातो. सरपंच म्हणतात, "शाळा जिल्हा परिषदेची हाय. मी ठराव करून कराडला धाडतो." ठराव कराडच्या पंचायत समितीत जातो. तिथून तो साताऱ्याला जातो. दोन महिन्यांनी आपण विचारायला जातो.

"साहेब, आमच्या शाळेच्या कामाचं काय झालं?"

"कागद वर गेलाय."

"वर म्हंजी कुठं?"

या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. आपण एस. टी. धरून घरी येतो. भाडे जाते, रोज बुडतो. छप्पर मात्र तसेच गळत राहते.

मंडळी, "वर" म्हणजे कुठे, हाच आजच्या धड्याचा विषय आहे. राज्याचा कारभार का अडतो, तो सुधारायचा कसा, आणि त्यात आपला हात किती, हे आपण पाहू.

पूर्वी काय होते?

इंग्रजांच्या राज्यात "वर" म्हणजे कलेक्टर आणि त्याच्या खाली मामलेदार. त्यांना आपण निवडलेले नव्हते. म्हणून ते आपल्याला जाब देत नव्हते. सारा वसूल करायचा आणि बंदोबस्त ठेवायचा, हे त्यांचे मुख्य काम. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात कराडच्या मामलेदार कचेरीवर लोकांनी मोर्चा नेला, तो याच राज्याविरुद्ध. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या पुढारीपणाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्यातली पुष्कळ गावे साताऱ्यातच होती. प्रतिसरकारने गावोगावी लोकांची भांडणे लोकांसमोर मिटवली. आपला कारभार आपण करू शकतो, हे तेव्हा लोकांना कळले.

त्याच्याही आधी जवळच एक नवल घडले होते. औंध हे तेव्हा बहात्तर गावांचे लहानसे संस्थान होते. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावोगाव लोकांनी निवडलेल्या पंचायती बसल्या. एक राजा आपल्या हाताने किल्ली रयतेला देतो, ही साधी गोष्ट नव्हे!

बाकीच्या मुलखात मात्र जिल्हा लोकल बोर्डे होती. बोर्डात लोकांचे सभासद असत. पण पैसा थोडा आणि अधिकार त्याहून थोडे. घर आपले, पण किल्ली दुसऱ्याकडे, असा तो प्रकार होता.

किल्ली खाली आली

स्वराज्य आले. तरी लोकांना वाटू लागले की दिल्ली आणि मुंबई फार दूर आहेत. योजना वर ठरतात आणि गावाला नुसत्या कळवल्या जातात. मग लोक त्यात मन का घालतील? याचा विचार करायला १९५७ साली बलवंतराय मेहता यांची समिती नेमली गेली. समिती म्हणाली, गाव, तालुका आणि जिल्हा या तीन पायऱ्यांवर लोकांनी निवडलेली मंडळे असावीत. विकासाची कामे त्यांच्याकडे सोपवावीत. यालाच आपण पंचायत राज म्हणतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. ते देवराष्ट्र्याला जन्मले आणि कराडला शिकले. कराडात कृष्णा आणि कोयना या नद्या समोरासमोर येऊन भेटतात. त्या प्रीतिसंगमावर आज त्यांची समाधी आहे. बाजाराला गेल्यावर आपण तिथे घटकाभर टेकतो. पण त्यांनी गावांसाठी काय केले, हे किती जणांना ठाऊक आहे?

यशवंतरावांच्या सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या सल्ल्याने १९६१ साली जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा झाला. १ मे १९६२ पासून तो अंमलात आला. त्याच वर्षी पहिल्या निवडणुका झाल्या. दुसऱ्या काही राज्यांनी तालुक्याला जास्त अधिकार दिले. महाराष्ट्राने जिल्हा बळकट केला. शाळा, दवाखाने, गावचे रस्ते, पिण्याचे पाणी, गुरांचे दवाखाने, अशी कामे जिल्हा परिषदेकडे आली. म्हणजे आपल्या रोजच्या जगण्यातले निम्मे सरकार मुंबईहून साताऱ्याला आले.

कुणाचे काम काय?

गावात ग्रामपंचायत असते. तिचा प्रमुख सरपंच. तिथला नोकर म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, ज्याला पूर्वी ग्रामसेवक म्हणत. तालुक्यात पंचायत समिती असते. तिचा प्रमुख सभापती. तिथला अधिकारी म्हणजे गटविकास अधिकारी, ज्याला आपण बी. डी. ओ. म्हणतो. जिल्ह्यात जिल्हा परिषद असते. तिचा प्रमुख अध्यक्ष. तिथला अधिकारी म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी.

यात एक गोष्ट ध्यानात धरा. प्रत्येक पायरीवर दोन माणसे आहेत. एक लोकांनी निवडलेला, दुसरा पगारी. ही बैलजोडी आहे. कोणते काम आधी करायचे, हे निवडलेल्याने सभेत ठरवायचे. काम कायद्याने आणि हिशेबाने पार पाडायचे, ते पगारी अधिकाऱ्याने. दोघे एकमेकांवर नजर ठेवतात. जोडीतला एक बैल सोडला तर गाडी सरळ चालेल का?

२०१७ साली सातारा जिल्हा परिषदेवर ६४ आणि सांगली जिल्हा परिषदेवर ६० सभासद निवडायचे होते. म्हणजे आपल्या पाच-पंचवीस गावांमागे एक माणूस. तो आपल्याच भागातला. त्याला वाटेत अडवता येते, त्याच्या दारात जाता येते. "सभेत आमच्या शाळेचा सवाल काढा," असे त्याला सांगता येते. सभेत सवाल निघाला की अधिकाऱ्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. "वर म्हंजी कुठं?" या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची जागा ती हीच.

घर रिकामे पडले

आता दुःखाची गोष्ट सांगायची आहे. ही जागा दोनदा रिकामी पडू दिली गेली.

पहिली वेळ जुनी आहे. १९६२, १९६७ आणि १९७२ साली निवडणुका झाल्या. मग १९७९ साली झाली. आणि त्यानंतर? थेट १९९२ साली! तेरा वर्षे निवडणूक नाही. १९७९ साली जन्मलेले पोर तोवर सातवी-आठवीत गेले.

साऱ्या देशात असेच चालले होते. म्हणून राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने सांगितले की पंचायतींची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही. मुदत संपण्याच्या आत नवी निवडणूक झालीच पाहिजे. ती घ्यायला प्रत्येक राज्यात स्वतंत्र निवडणूक आयोग असावा. बायांना निदान एक तृतीयांश जागा असाव्यात. महाराष्ट्राने २०११ साली हा वाटा निम्मा केला.

मग १९९७, २००२, २००७, २०१२ आणि २०१७ साली वेळेवर निवडणुका झाल्या. लोकांना वाटले, आता घडी बसली.

पण २०२२ साली घडी पुन्हा मोडली. त्या वर्षी मार्चमध्ये सातारा आणि सांगली धरून पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. सभासद घरी गेले. जिल्हा परिषदेचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे प्रशासक म्हणून गेला. पंचायत समितीचा गटविकास अधिकाऱ्याकडे गेला. ठरवणारा तोच, करणारा तोच, आणि हिशेब तपासणाराही तोच! पुष्कळ ग्रामपंचायतींच्या निवडणुका या काळात झाल्या. म्हणजे पायथ्याला लोकांचे माणूस होते आणि मुंबईला होते. मधल्या दोन पायऱ्या मात्र रिकाम्या होत्या. गावाचा ठराव वर जाई, पण तो हातात घेऊन सभेत उभा राहणारा कुणी नव्हता.

शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की चार महिन्यांत या निवडणुका घ्या. त्यालाही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली. २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांचे मतदान झाले आणि अडलेला गाडा हलला. पण तोवर तीन वर्षांहून जास्त काळ वाया गेला होता. जे काम आपल्या कायद्याने आपोआप व्हायचे, त्यासाठी देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाची पायरी चढावी लागली.

असे का झाले?

कारण एक नाही. मागासवर्गीयांना, म्हणजे ओ. बी. सी. समाजाला, किती जागा राखून ठेवायच्या यावर वाद झाला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधी आयोग नेमा, नीट माहिती गोळा करा, आणि सगळ्या राखीव जागा मिळून निम्म्याहून जास्त होऊ देऊ नका. ही माहिती आधीच तयार असती तर वेळ गेला नसता. ती तयार नव्हती.

दुसरे कारण मतदार गटांच्या हद्दीचे. कोणते गाव कोणत्या गटात, हे आखण्याचे काम निवडणूक आयोगाकडे होते. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ते सरकारकडे घेतले. मग हद्दी आखल्या, पुन्हा बदलल्या, पुन्हा कोर्टात गेल्या. या काळात राज्यात एकाच पक्षाचे सरकार नव्हते. सरकारे बदलली, पण खोळंबा तसाच राहिला. म्हणून हा दोष एका पक्षाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

तिसरे कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. किल्ली हातात आली की ती सोडवत नाही. खाली सभासद नसले की वरच्याचे वजन वाढते. जिल्ह्याचा विकासाचा पैसा कुठे खर्चायचा, हे जिल्हा नियोजन समिती ठरवते. तिचे प्रमुख पालकमंत्री असतात. घटना सांगते की या समितीतले पाचांतले चार सभासद जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातून निवडावेत. ते सभासदच नसतील तर त्या खुर्च्या कोण भरणार?

पैशाचेही तसेच. केंद्र सरकारच्या वित्त आयोगाचे अनुदान मिळायला निवडून आलेले मंडळ लागते. मंडळ नसेल तर त्या पायरीचा पैसा अडतो. म्हणजे निवडणूक लांबली की नुकसान पुढाऱ्यांचेच होते असे नाही. गळक्या छपराखालच्या पोरांचेही होते.

"प्रशासकच बरा की!"

चावडीवर कुणी म्हणेल, "सभासद तरी काय दिवे लावत व्हतं? टक्केवारी, गटबाजी आन् भांडणं. त्यापरीस साहेबच बरा."

हे बोलणे उगाच नाही. निवडून आलेल्या माणसांनी पुष्कळदा लोकांना दुखावले आहे. आपल्याच वाडीचा रस्ता आधी, आपल्याच माणसाला ठेका, असे प्रकार होतात. नवरा कारभार करतो आणि निवडून आलेली बाई नुसती सही करते, असेही घडते. हे लपवून चालणार नाही.

पण विचार करा. विहिरीत गाळ साचला तर आपण गाळ काढतो. विहीर बुजवत नाही. वाईट सभासदाला पाच वर्षांनी घरी बसवता येते. प्रशासकाला आपण कसे बसवणार? तो चांगला असला तर आपले नशीब. पण त्याची बदली झाली की नवा माणूस पहिल्यापासून शिकणार. आणि चांगला अधिकारी असला तरी एकटा माणूस शेकडो गावांची दुखणी जाणू शकत नाही. त्याला सांगणारे कुणीतरी लागते. राज्य नशिबावर सोडायचे नाही, म्हणून तर स्वराज्य मिळवले.

काय सुधारायला हवे?

पहिली गोष्ट. निवडणूक वेळेवर व्हावी. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी हद्दी आणि राखीव जागा पक्क्या व्हाव्यात. हद्दी आखण्याचे काम निवडणुकीत उतरणाऱ्यांच्या हाती नसावे. ते स्वतंत्र आयोगाकडेच असावे. शर्यतीत धावणाऱ्याने शर्यतीची रेघ मारू नये.

दुसरी गोष्ट. कामाबरोबर पैसाही खाली यावा. घटनेत पंचायतींना देण्याजोग्या २९ विषयांची यादी आहे. पण किती द्यायचे, हे राज्यावर सोडले आहे. केरळ राज्याने १९९६ साली आपल्या योजनेच्या पैशातला शंभरात पस्तीस ते चाळीस रुपयांचा वाटा गाव आणि जिल्ह्याच्या मंडळांकडे द्यायचे ठरवले. लोकांनी ग्रामसभेत बसून कामे निवडली. पंचायत राज बळकट कसे करावे, हे सांगायला महाराष्ट्रातही १९८४ साली प्राचार्य पी. बी. पाटील यांची समिती नेमली होती. ते आपल्या सांगलीचेच. म्हणजे सल्ला घरातच होता. तो पुरता पाळला नाही.

तिसरी गोष्ट. काम किती दिवसांत होणार, हे लोकांना कळावे. यासाठी दोन चांगले कायदे झाले आहेत. २००५ चा माहितीचा अधिकार आणि २०१५ चा लोकसेवा हक्क. माहितीच्या कायद्याने आपण लेखी विचारू शकतो, "आमचा कागद कुठे आहे? कुणाच्या टेबलावर? किती दिवस?" अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या कायद्याप्रमाणे कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, याचा फलक कचेरीत लावलाच पाहिजे. उशीर झाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. विनाकारण अडवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

आपण काय करायचे?

कायदा कपाटात असतो. त्याला बाहेर आपण काढायचे.

ग्रामसभेला जा. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बायांची सभा तिच्याआधी वेगळी होते. तिथे बायांनी बोलावे. पाण्याचे दुःख हंडा वाहणारीला जास्त ठाऊक असते.

सभेत विचारा. औंदा पैसा किती आला? कशावर गेला? राहिलेले काम कोणते? उत्तर वहीत लिहून घ्यायला सांगा. ठराव वाचल्यावाचून त्यावर सही करू नका, अंगठा तर नकोच.

ठराव वर गेला की त्याची तारीख आणि नंबर लिहून ठेवा. अर्ज दिला की पोच घ्या. पोच म्हणजे आपला कागद कचेरीत पोचल्याची खूण. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. पोच मात्र आपल्या खणात राहते.

आणि आपल्या गटाचा सभासद कोण, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. त्याला वर्षातून एकदा तरी गावात बोलवा. जातीचा, भावकीचा, की जेवण देणारा, हे बघून मत देऊ नका. मागच्या खेपेला सभेत तो काय बोलला, हे विचारा. त्याची मुदत कधी संपते, तेही लिहून ठेवा. मुदत संपली आणि निवडणुकीचे नाव नाही, असे पुन्हा झाले तर पहिला सवाल गावातून उठला पाहिजे.

आता परत त्या कचेरीत जाऊ. समजा, एक मावशी तिथे आली आहे. साक्षरतेच्या वर्गात ती नुकतीच वाचायला शिकली आहे. साहेब म्हणतात, "कागद वर गेलाय."

मावशी पदराची गाठ सोडते. पोच काढते. सावकाश, बोट ठेवून वाचते.

"ह्यो नंबर. ही तारीख. दीड म्हैना झाला. वर म्हंजी कुणाच्या टेबलावर, तेवढं लिहून द्या."

साहेब मान वर करून बघतात. मग फाईल शोधायला उठतात.

वाचता येऊ लागले की घराच्या किल्लीला आपला हात लागतो. ती पुन्हा सुटू द्यायची नाही, एवढे मात्र आपल्याकडे आहे.